रास्त भावाने परत घेण्यात येतील

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून ज्या काही चुका झाल्या, त्यांतल्या एकीची मला अजिबात लाज वाटत नाही. ती चूक दोन शब्दांची होती आणि माझ्याच हस्ताक्षरात आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच दोन शब्द लिहीन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कधी पश्चात्ताप करते याची कुणी वाट बघत बसायला नको.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होते. अजूनही कंपनीतच आहे, फक्त खुर्ची बदलली. ते पुढे येईलच. सीए इंटरला दोनदा बसले, दोनदा आपटले, आणि मग बी.कॉम.च्या जोरावर इथे चिकटले ती आजतागायत.

पंधराएक वर्षांपूर्वी कंपनीचे दिवस फिरले होते. लागोपाठ दोन दिवाळ्या बोनस झाला नाही. तिसऱ्या वर्षी मालकांनी तोडगा काढला, की बोनसच्या जागी कामगारांना कंपनीचे शेअर द्यायचे. आमची कंपनी शेअर बाजारात नाही, तेव्हा हे शेअर बाहेर कुणाला विकता येणार नव्हते. म्हणून पत्रात एक अट घातली. कामगार निवृत्त झाला की कंपनी स्वतः ते शेअर ‘फेअर व्हॅल्यू’ला परत घेईल. पत्र इंग्रजीत होतं, प्लांटवरच्या लोकांना ते मराठीत हवं होतं, आणि ऑफिसात बऱ्यापैकी मराठी लिहिणारी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं: ‘निवृत्तीच्या वेळी सदर शेअर कंपनीकडून रास्त भावाने परत घेण्यात येतील.’

नोटीस लागली त्या दुपारी कॅन्टीनमध्ये हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. रास्त भाव म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते, रेशनचं दुकान. ‘रास्त भाव धान्य दुकान’ अशी पाटी आणि बाहेर पिशव्या घेतलेली रांग. रिअ‍ॅक्टरवर एक ऑपरेटर होते, सगळा प्लांट त्यांना मामा म्हणायचा. ते खास माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “ताई, शेअर घ्यायला पिशवी आणू का?” मीही हसले. मग ते थोडे गंभीर झाले. सही करण्याआधी त्यांना विचारायचं होतं की रास्त म्हणजे नक्की किती. मी म्हटलं, किती ते आज कुणालाच सांगता येणार नाही. पण रास्त म्हणजे तराजूची दांडी न मारता. मामांनी मान डोलावली, खाली जाऊन सही केली, आणि ते सही करतात म्हणून त्यांच्या शिफ्टनेही केली.

तो शब्द मला सुचला तो काही शब्दकोशातून नाही, आईमुळे सुचला. माझं लहानपण कल्याणला गेलं. चाळीजवळच्या रेशन दुकानात आई महिन्यातून दोनदा जायची आणि पिशव्या धरायला मला न्यायची. दुकानदार तराजूची दांडी बोटाने हलकेच दाबण्यात पटाईत होता, हे सगळ्या रांगेला माहीत होतं, आणि सगळी रांग गप्प बसायची, कारण पुढच्या खेपेला त्याने साखर संपली म्हणून सांगितलं असतं. आई गप्प बसत नसे. आमची पाळी आली की ती पिशवी पुढे करायचीच नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणायची, “आधी रिकामा काटा दाखवा.” मग दुकानदाराला दोन्ही पारडी मोकळी करून, हात वर घेऊन, काटा मध्यावर आलेला दाखवावा लागे. तो तिच्यावर चिडून असे. आम्हाला मुद्दाम खालच्या पोत्यातले खडेवाले तांदूळ देई. पण वजनात भरलेले देई. मला त्या वयात आईची भयंकर लाज वाटायची.

आता फेअर व्हॅल्यूबद्दल. माझं भाषांतर चुकलं होतं हे मला काही वर्षांनी कळलं, जेव्हा हिशेबाचे नवे नियम आले आणि दरवर्षी ताळेबंदासाठी हा आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. नियमातल्या ‘फेअर’चा न्यायाशी काही संबंध नाही. ठरलेल्या दिवशी, घाईत नसलेली, कुणाच्या दबावाखाली नसलेली, माहितगार अशी दोन परकी माणसं एकमेकांशी व्यवहार करतील तर तो कोणत्या किमतीला होईल, एवढाच प्रश्न असतो. तो भाव कुणाच्या पोटावर पाय देतो की कुणाचं भलं करतो, हे नियम विचारत नाही. म्हणजे मी लिहिलेला ‘रास्त’ हा शब्द इंग्रजीपेक्षा मोठा होता. असू दे.

हा आकडा काढायच्या तीन पायऱ्या आहेत. त्याच वस्तूचा रोजचा भाव बाजारात लागत असेल, कल्याणच्या मार्केट यार्डात कांद्याचा लागतो तसा, तर तो घ्यायचा आणि गप्प बसायचं. तसा नसेल तर त्यासारख्या वस्तूचा बघायचा, जसं आपल्या फ्लॅटचा भाव काढताना शेजारच्या बिल्डिंगमधला फ्लॅट कितीला गेला ते विचारतात. आणि तेही नसेल तर तिसरी पायरी, स्वतः गणित मांडायचं. कंपनी पुढे किती कमावेल, त्या कमाईची आजची किंमत काय, मग एका शेअरच्या वाट्याला किती. तिसऱ्या पायरीवर बहुतेक सगळं अंदाजावर चालतं, आणि म्हणूनच दांडी मारायची झाली तर तिथे मारतात. कामगारांचे शेअर या तिसऱ्या पायरीवरचे, आणि वर्षाचा जो आकडा निघेल त्याच भावाने त्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पैसे मिळत.

त्यात आणखी एक मजा आहे. कागद एकच, पण मामांच्या कपाटात तो शेअर म्हणजे त्यांची मालमत्ता, आणि आमच्या ताळेबंदात तोच शेअर म्हणजे कंपनीचं देणं. भाव जितका कमी धरू तितकं देणं कमी, आणि तेवढाच नफा जास्त दिसणार.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे फायनान्स हेड आले. ठाण्याला घोडबंदर रोडवर राहणारे, चाळिशीचे, हुशार सीए. हुशार होते हे मी मनापासून म्हणते. त्यांनी आमच्या एक्सेलमधल्या माझ्याच दोन चुका पहिल्या आठवड्यात काढून दिल्या. मालकांना त्या वर्षी नव्या प्लांटसाठी कर्ज घ्यायचं होतं आणि बँकेला नफा दाखवायचा होता. माझं गणित शेअरला चारशे रुपये सांगत होतं. साहेबांनी फाइल बघितली आणि सांगितलं की चारशेतून पस्तीस टक्के कपात करा. कारण काय, तर या शेअरला बाहेर बाजार नाही. जी वस्तू सहज विकता येत नाही तिला माहितगार गिऱ्हाईक कमीच पैसे देणार. चारशेचे दोनशे साठ.

अशी कपात ही काही साहेबांनी शोधून काढलेली लबाडी नव्हे. पुस्तकात आहे, सगळीकडे करतात. पण आमच्याकडे आजवर कामगारांच्या शेअरवर ती कधी केली नव्हती, कारण करायचं कारणच नव्हतं. मी म्हटलं, साहेब, या शेअरला गिऱ्हाईक नाही असं कसं म्हणता, गिऱ्हाईक आपणच आहोत. घ्यायला आपण पत्राने बांधलेलो आहोत. ज्याचं गिऱ्हाईक पंधरा वर्षं आधी ठरलंय त्याला बाजार नाही म्हणून कापायचं कशाला? साहेब म्हणाले की हा ‘व्ह्यू’चा प्रश्न आहे. मी म्हटलं, लोकांनी रास्त भाव वाचून सह्या केल्यात. त्यावर ते हसले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, मराठी कागदाला कायद्यात किंमत नाही. इंग्रजी पत्र खरं.”

मला राग कशाचा आला सांगू? पस्तीस टक्क्यांचा आलाच, पण त्याहून जास्त त्या हसण्याचा. शिफ्ट संपवून, हाताला लागलेला निळा रंग साबणाने घासून, लोक ज्या कागदाखाली सही करून गेले तो मराठीत होता. इंग्रजी पत्र त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. इंग्रजीतला शब्द कंपनीचा होता. मराठीतला माझा होता.

मग त्याच फाइलमध्ये मला दुसरी गोष्ट दिसली. दिसली म्हणजे, रोज दिसत होती, पण मी कधी शेजारी ठेवून बघितली नव्हती. आमच्या कंपनीकडे मालकांच्याच दुसऱ्या एका कंपनीचे शेअर आहेत. तेही बाजारात नसलेले, तेही तिसऱ्या पायरीवरचे. पण ते आमची मालमत्ता, म्हणजे त्यांचा भाव जितका जास्त तितकं आपलं चांगलं दिसणार. तिथे बाजार नसल्याची कपात किती धरली होती? दहा टक्के. तिथे तर घ्यायला कुणीच बांधलेलं नव्हतं. घेण्याचं माप एक आणि देण्याचं दुसरं, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये, चार टॅब सोडून.

त्याच आठवड्यात मामा वर आले. मे अखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांच्याकडे दीड हजार शेअर. आदल्या वर्षी पॅकिंगमधला एकजण निवृत्त झाला, त्याला चारशेच्या आसपास मिळाले होते, तेव्हा आपल्याला सहा लाख येतील असा त्यांचा हिशेब होता. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन घेतलं होतं, शेवटचा हप्ता आणि किरकोळ खर्च मिळून सव्वापाच लाख भरले की चावी मिळणार होती. इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आता बायकोला स्वतःच्या ओट्यावर चहा करताना बघायचंय, असं म्हणाले आणि स्वतःच लाजले. बिल्डरला तारीख द्यायची होती, म्हणून त्यांनी विचारलं, “तेवढे होतील ना, ताई?”

दोनशे साठने दीड हजार शेअरचे तीन लाख नव्वद हजार होतात. मला ते तोंडपाठ होतं. मी म्हटलं, आकडा अजून पक्का झालेला नाही, बिल्डरला तारीख देऊ नका. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बरं म्हणून गेले. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

आई आता माझ्याकडेच असते, डोंबिवलीला. ऐकायला कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकते. रविवारी सकाळी आम्ही दोघी वाल सोलत बसलो होतो तेव्हा तिला सगळं सांगितलं. फेअर व्हॅल्यू, मालमत्ता, देणं यातलं तिला काय कळलं देव जाणे. तिने फक्त एवढंच विचारलं की ज्यात मोजायचं तो काटा एकच आहे ना. मी म्हटलं, काटा एकच, पण घेताना एक दाखवतो नि देताना एक. ती म्हणाली, “मग वजनावरून कशाला भांडत बसलीस? आधी रिकामा काटा दाखव म्हणावं त्याला.” आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

सोमवारी मी कामाला लागले. पस्तीस टक्क्यांचं शीट साहेबांच्या सांगण्याप्रमाणे बनवलं. सांगितलेलं काम करायला ना नाही. पण शीटच्या खाली ‘तयार करणार’ अशी एक चौकट असते, तिथे मी तीस वर्षं आद्याक्षरं टाकत आले. ती चौकट मी कोरी ठेवली. साहेबांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा त्यांनी शिपायाकडून पेन पाठवलं. मी पेन ठेवून घेतलं.

ऑडिटला ठाण्याच्या फर्मची एक मुलगी आली होती, पंचवीस-सव्वीसची, नव्याने सीए झालेली. कोरी चौकट पहिल्यांदा तिला दिसली. तिने कॉन्फरन्स रूममध्ये, साहेबांच्या समोरच, विचारलं की हे शीट कुणी तयार केलं. मी म्हटलं, टाइप मी केलं, आकडा माझा नाही.

साहेबांनी मला थांबवायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. कदाचित त्यांना वाटलं असेल की इंटर नापास बाई काय बोलणार. मी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक आपल्याकडे असलेल्या शेअरचा, एक आपण द्यायच्या शेअरचा. दोन्हीवर कपातीच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. साहेबांनीच पाठवलेलं पेन हातात होतं, पण पेन्सिलच वापरली. मग मी म्हटलं, “मला फक्त रिकामा काटा बघायचाय. वर कुणाचेच शेअर नसताना ही कपात किती असते, तेवढं सांगा. दहा की पस्तीस?”

त्या मुलीला रेशनच्या रांगेबद्दल काही माहीत असण्याची शक्यता नव्हती. पण प्रश्न तिला कळला. तिने दोन्ही कागद ओढून घेतले आणि साहेबांना विचारलं की दोन्हीकडे पस्तीस लावायचं का. साहेब घाईने नको म्हणाले. तिकडे पस्तीस लावलं असतं तर आमच्या मालमत्तेत असं भगदाड पडलं असतं की इकडे वाचवलेलं सगळं गेलं असतं. मग तिने विचारलं की गेल्या वर्षी कामगारांच्या शेअरवर कपात नव्हती, ती यंदा का आली. त्याचंही उत्तर लेखी द्यायचं ठरलं. आठ-दहा दिवस ईमेल इकडून तिकडे फिरले. मला शून्य हवं होतं आणि शून्यच बरोबर होतं, हे मी आजही कुणालाही समोर बसवून पटवून देईन. पण वरच्या लोकांनी आपसांत बसून ठरवलं की दोन्हीकडे एकच माप, दहा टक्के. शेअरला तीनशे साठ. मामांचे पाच लाख चाळीस हजार.

त्या शीटवर मी आद्याक्षरं टाकली का? नाही टाकली. चाळीस रुपये माझ्या हिशेबाने अजून येणं होते.

मेच्या मध्याला माझ्या हातात पत्र पडलं. अकाउंट्समधल्या कामाची फेररचना होत असून माझी बदली डिस्पॅचला, वजनकाट्यावर करण्यात येत आहे. गेटजवळ एक पत्र्याची केबिन, समोर जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर येणारे ट्रक आणि टँकर. आधी गाडी रिकामी तोलायची, मग भरलेली, आणि पावती काढायची. त्या केबिनमध्ये आजवर कुणी बाई बसली नव्हती. नवऱ्याने सुचवलं की राजीनामा दे, पाच-सहा वर्षंच तर राहिलीत. मी म्हटलं, का म्हणून देऊ? आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. साहेबांना काय माहीत, की जिला त्यांनी शिक्षा म्हणून काट्यावर पाठवली तिने कल्याणच्या रांगेत याचंच शिक्षण घेतलंय. पहिल्याच दिवशी मी केबिनच्या काचेवर जाड मार्करने लिहून कागद चिकटवला: ‘गाडी वर घेण्याआधी ड्रायव्हरने काट्यावर शून्य आहे हे पाहून घ्यावे.’ ड्रायव्हर लोकांना गंमत वाटली. आता ते आपणहून हॉर्न मारून विचारतात, की मॅडम, शून्य झालं का.

आमच्या कंपनीत एक जुनी रीत आहे. माणूस निवृत्त होतो त्या दिवशी हार घालून झाला की त्याला गेटजवळ नेतात आणि काट्यावर उभं करून त्याची पावती काढतात. ट्रक तोलायचा काटा, त्यावर माणसाचं वजन काय कळणार, दहा-वीस किलो इकडेतिकडे होतंच. पण कुणी ती पावती टाकून देत नाही. घरी देवाजवळ ठेवतात.

मेच्या एकतीस तारखेला मामा आले. गळ्यात झेंडूचा हार, मागे सगळी शिफ्ट, मोबाइलवर फोटो काढणारे दोघं-तिघं, आणि कंपनीच्या वतीने नारळ द्यायला आलेले साहेब. मामांच्या हातात घडी केलेली कापडी पिशवी होती. शेअरचे पैसे कंपनीने थोडे आधीच दिले होते आणि टिटवाळ्याची चावी आदल्या आठवड्यात मिळाली होती, हे मला गेटवरच्या वॉचमनकडून कळलं होतं. मामांनी पिशवी झटकून उघडली आणि केबिनच्या खिडकीसमोर धरली. “आणली बघा, ताई,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “रास्त मिळाला का ओ भाव? खरं सांगा.”

साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मला सोपं उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, “नाही, मामा. शेअरमागे चाळीस रुपये कमी मिळाले. दांडी पूर्ण सोडवता आली नाही मला.”

मागे फोटो काढणाऱ्यांनी मोबाइल खाली घेतले. मामांनी थोडा विचार केला. मग म्हणाले की रेशनला तरी कधी पूर्ण मिळालं होतं, आणि पिशवीची पुन्हा घडी घालायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं. हसून म्हणाले, चला मॅडम, पटकन उभं करा त्यांना, फोटो घेऊन टाकू.

मामा पाय उचलणार, तेवढ्यात मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांना थांबवलं. काट्याच्या आकड्यांचा पडदा मामांना दिसेल असा वळवला, आणि साहेबांनाही दिसेल इतका.

“थांबा, मामा,” मी म्हटलं. “आधी रिकामा काटा बघून घ्या.”